घरच्या बाकावर कमी किमतीचा सुतारी वाइस कसा बसवावा?



मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन जातो, दोन दिवसांनी जमिनीला वाफसा येतो आणि नेमका त्याच सकाळी तिफणीचा एक फण दिंडात हलू लागतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीशी असेल. गावात सुतारकाम करणारी घरे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत. जे कारागीर आहेत त्यांच्या दारात त्या आठवड्यात दहा घरांची अवजारे येऊन पडलेली असतात. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही. ज्यांच्याकडे पेरणी ट्रॅक्टरने होते, त्यांनाही कोळप्याची जानोळी, कुदळ-फावड्याचे दांडे, गोठ्याची गव्हाण, शेताचे फाटक अशी लाकडाची लहानसहान कामे वर्षभर पुरतात. ही कामे घरच्या घरी करता आली तर वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

बहुतेक शेतकऱ्यांकडे करवत, पटाशी, रंधा, वाकस ही हत्यारे असतात. जे नसते ते म्हणजे लाकूड घट्ट धरून ठेवण्याचे साधन. त्यामुळे लाकूड जमिनीवर ठेवून एका पायाने दाबायचे व वाकसाने तासायचे, अशी पद्धत पडली आहे. माझ्या चुलत्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर अशाच एका घावाचा व्रण आहे. ऐन पेरणीत फण तासताना लाकूड सरकले आणि वाकस पायावर आला. जखम भरेपर्यंत त्यांना चिखलात पाय ठेवता आला नाही आणि त्या वर्षीची पेरणी दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या सवडीने झाली. लाकूड वाइसमध्ये धरले की दोन्ही हात मोकळे होतात व दोन्ही हात हत्याराच्या धारेमागे राहतात. वाइसचा खरा उपयोग हा आहे. कामातील सफाई हा त्यानंतरचा लाभ.

कमी किमतीचा वाइस टिकत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मीही स्वतः पहिला वाइस बसविला तेव्हा चार लहान स्क्रू खालून मारून मोकळा झालो. आठच दिवसांत बाभळीचा दांडा रंधताना तो फळीतून उपटून आला. दोष वाइसचा नव्हता, बसविण्याचा होता. तोच वाइस पुढे योग्य रीतीने बसविल्यावर आजही काम देत आहे. साधा वाइस योग्य बसविला तर शेतीच्या कामाला पुरतो. मात्र महागडा वाइसही चुकीचा बसविला तर हलतोच. म्हणून बसविण्याची पद्धत पुढे सविस्तर दिली आहे.

१. सुतारी वाइस व लोखंडकामाचा वाइस

वाइसला आपल्याकडे शेगडा असेही म्हणतात. पंप, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी जो वाइस वापरतात तो बाकाच्या वर उभा राहतो व त्याच्या जबड्यांना खरखरीत दाते असतात. हे दाते लाकडात रुततात. सुतारी वाइस बाकाच्या पुढच्या कडेला, फळीच्या खाली बसतो. त्याचे जबडे रुंद व सपाट असून त्यांवर लाकडी फळ्या बसविण्यासाठी भोके असतात. एक जबडा स्थिर असतो. दुसरा मधल्या स्क्रूच्या आधाराने पुढे-मागे सरकतो व दोन बाजूंच्या सळया त्याला सरळ ठेवतात. शेतीच्या कामासाठी ७ इंची, म्हणजे सुमारे १७५ मि.मी. रुंद जबड्याचा वाइस पुरेसा आहे.

२. खरेदी करताना काय पाहावे?

दुकानातच पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

(अ) वाइस सपाट फरशीवर ठेवून पाहावा. त्याची बैठक डुगडुगत असल्यास घेऊ नये.

(ब) बिडाच्या ओतीव भागांवर, विशेषतः बैठकीच्या भोकांजवळ व जबड्यांच्या कोपऱ्यांत, बारीक तडा नाही ना हे नखाने चाचपून पाहावे.

(क) स्क्रू पूर्ण उघडून पुन्हा बंद करावा. मध्येच अडकत असल्यास आटे खराब आहेत असे समजावे.

(ड) सरकता जबडा हाताने वर-खाली हलवून पाहावा. स्वस्त वाइसमध्ये थोडी ढिलाई असतेच व ती चालते. मात्र सळया वाकलेल्या नसाव्यात.

जबड्यांच्या धारदार कडा घरी आणल्यावर कानशीने मारून घ्याव्यात.

३. बाक कसा असावा?

वाइसची ताकद बाकावर अवलंबून असते. बाक हलला तर रंध्याचा जोर लाकडावर न जाता बाक ढकलण्यात जातो. घरी बाक करताना पुढील मापे सोयीची पडतात. वरची फळी ५० मि.मी. जाड, सुमारे १५० सें.मी. लांब व ५० सें.मी. रुंद असावी. एवढी रुंद फळी न मिळाल्यास दोन फळ्या शेजारी-शेजारी लावाव्यात. पाय किमान ७५ मि.मी. चौरस घ्यावेत. उंचीसाठी सोपा नियम असा की, सरळ उभे राहून हात खाली सोडावेत व मनगटाच्या रेषेत बाकाची वरची बाजू यावी. बहुतेकांना ही उंची ८० सें.मी.च्या आसपास येते.

जुन्या घराची तुळई किंवा खांब यासाठी उत्तम, कारण ते लाकूड पूर्ण वाळलेले असते. त्यातील सर्व खिळे आधी काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच दिवशी खराब होईल. नुकतीच तोडलेली बाभूळ वापरू नये. ओले लाकूड वाळताना आकसते, तडकते व बोल्ट ढिले पडतात. बाभूळच वापरायची असल्यास चिरलेल्या फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत, हवा खेळती ठेवून काही महिने वाळवावी.

पायांना दोन्ही बाजूंनी तिरपे आधार द्यावेत. खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाकून त्यावर दगड किंवा वाळूच्या गोण्या ठेवल्यास बाक जड होतो व हलत नाही. पडवीत मातीची जमीन असल्यास प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवावा. त्यामुळे ओल व वाळवी लाकडाला लवकर लागत नाही.

४. लागणारे साहित्य

७ इंची सुतारी वाइस १ नग, १० मि.मी. जाडीचे, १०० मि.मी. लांबीचे नट-बोल्ट ४ नग. मोठे वायसर ८ नग. बैठकीपेक्षा सर्व बाजूंनी ४ ते ५ सें.मी. मोठा असा वाळलेल्या टणक लाकडाचा ठोकळा. बाकाच्या लांबीएवढी २० मि.मी. जाड पट्टी, सरकत्या जबड्यासाठी २० ते २५ मि.मी. जाड फळी; लाकडी स्क्रू व सरस. हत्यारांमध्ये करवत, पटाशी, हातोडी, गुण्या, पाना व भोके पाडण्यासाठी गिरमिट किंवा ड्रिल मशीन लागेल.

५. वाइसची जागा

उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी बाकासमोर उभे राहिल्यावर डाव्या हाताला, पुढच्या कडेवर, डाव्या पायाला जितका जवळ बसविता येईल तितका जवळ वाइस बसवावा. रंधा उजवीकडून डावीकडे चालतो. लाकडाचे डावे टोक पकडले की जोर वाइसवर व तेथून थेट पायावर जातो. दोन पायांच्या मधोमध वाइस बसविल्यास प्रत्येक घावाला फळी लवते. डावखुऱ्या व्यक्तींनी हीच रचना उलट करावी.

जागा निश्चित करण्यापूर्वी वाइस पूर्ण बंद करून बाकाखाली धरून पाहावा. बंद केल्यावर स्क्रू व सळया मागे बऱ्याच लांब जातात. त्या मागच्या आडव्या पट्टीला अडकणार नाहीत, पुढच्या आडव्या पट्टीत त्यांच्यापुरती जागा कापता येईल आणि फिरविताना मूठ पायाला लागणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

६. भरणीच्या ठोकळ्याची जाडी कशी काढावी?

बहुतेक चुका येथेच होतात. जबड्याचे लोखंड बाकाच्या पृष्ठभागाच्या वर आले तर करवत व रंध्याचे पाते त्यावर आपटते. म्हणून लोखंडी जबड्याची वरची कड बाकाच्या पृष्ठभागापासून सुमारे १२ मि.मी. खाली असावी. वरचा भाग लाकडी फळ्यांचा राहील.

यासाठी वाइसच्या बैठकीच्या वरच्या पृष्ठभागापासून जबड्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. त्यात १२ मि.मी. मिळवावेत व आलेल्या बेरजेतून बाकाच्या फळीची जाडी वजा करावी. जे उत्तर येईल तेवढ्या जाडीचा ठोकळा बैठक व फळी यांच्यामध्ये घालावा.

उदाहरणार्थ, वरील उंची ७५ मि.मी. असल्यास ७५ अधिक १२ म्हणजे ८७ मि.मी. बाकाची फळी ५० मि.मी. जाड आहे. म्हणून ठोकळा ३७ मि.मी. जाडीचा लागेल. आपल्या वाइसची उंची वेगळी असू शकते, त्यामुळे मोजल्याशिवाय ठोकळा कापू नये. ठोकळा सरस लावून व चार स्क्रू मारून फळीच्या खालच्या बाजूस पक्का करावा.

७. बसविण्याची पद्धत

(१) बाकाच्या पुढच्या कडेवर स्थिर जबड्याच्या रुंदीपेक्षा २ मि.मी. जास्त रुंदीची खूण करावी. जबड्याच्या जाडीएवढी खोल खाच करवतीने व पटाशीने काढावी. जबडा खाचेत बसल्यावर त्याचा पुढचा चेहरा बाकाच्या कडेशी एका रेषेत यावा. ठोकळ्याची पुढची कड खाचेच्या मागील बाजूशी जुळवून घ्यावी.

(२) बाक उलटा करावा. हे काम दोघांनी केल्यास सोपे जाते. वाइस ठोकळ्यावर ठेवून, जबडा खाचेत सरकवून, गुण्याने काटकोन तपासावा व बैठकीच्या चारही भोकांच्या मध्यावर खुणा कराव्यात.

(३) वाइस बाजूला ठेवून प्रत्येक खुणेवर प्रथम ३ मि.मी.चे बारीक भोक आरपार पाडावे. त्यामुळे वरच्या बाजूला नेमका मध्य मिळतो. आता बाक सुलटा करून वरून या मध्यावर वायसर मावेल एवढे रुंद व १५ मि.मी. खोल भोक करावे. बोल्टचे डोके यात बुडेल. शेवटी ११ मि.मी.चे भोक आरपार पाडावे. हा क्रम बदलू नये. मोठे भोक आधी पाडल्यास वरच्या रुंद भोकासाठी मध्य सापडत नाही.

(४) वरून वायसरसह बोल्ट घालावेत. खालून वाइस चढवून वायसर व नट लावावेत. प्रथम चारही नट हाताने लावावेत, गुण्याने पुन्हा तपासावे व नंतर कोपऱ्या-कोपऱ्याने, म्हणजे समोरासमोरचे नट आळीपाळीने, पान्याने आवळावेत. एकच नट पूर्ण आवळल्यास बिडाची बैठक तडकू शकते.

(५) बोल्टच्या डोक्यांवरील भोकात मेणबत्तीचे मेण वितळवून भरावे. भुसा अडकत नाही आणि पुढे बोल्ट आवळताना मेण उकरून काढता येते.

८. लाकडी जबडे

२० मि.मी. जाडीची पट्टी बाकाच्या संपूर्ण पुढच्या कडेवर, स्थिर जबडा झाकून, स्क्रूने बसवावी. स्क्रूंची डोकी लाकडात बुडवावीत. जबड्याच्या वर राहिलेली १२ मि.मी.ची पोकळी लाकडाच्या तुकड्याने भरावी. आता बाकाची संपूर्ण पुढची कड हाच आपला मागचा जबडा झाला. तिफणीच्या दांडीसारखे लांब लाकूड सबंध कडेला टेकून राहते. त्याचे उजवे टोक खाली लोंबू नये म्हणून बाकाच्या उजव्या पायात वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार भोके पाडून त्यात गरजेप्रमाणे खुंटी घालावी.

सरकत्या जबड्याला समोरून त्याच्या भोकांतून स्क्रू मारून फळी बसवावी. ही फळी बाकाच्या पृष्ठभागाशी बरोबर असावी. स्वस्त वाइस आवळला की ढिलाईमुळे सरकत्या जबड्याचा वरचा भाग बाहेर झुकतो व लाकूड फक्त खालच्या बाजूने धरले जाते. यावर सोपा उपाय म्हणजे फळी खालच्या बाजूस १ ते १.५ मि.मी. पातळ रंधून घ्यावी. वाइस हलकेच बंद केल्यावर दोन्ही फळ्या प्रथम वर टेकाव्यात व आवळल्यावर पूर्ण उंचीवर मिळाव्यात. एवढ्या एका दुरुस्तीने स्वस्त वाइसच्या पकडीत मोठा फरक पडतो.

जबड्यांसाठी बाभळीसारखे अति टणक लाकूड वापरू नये, कारण त्यात धरलेले मऊ लाकूड दबते. सागवान किंवा आंब्याची फळी चालते. झिजल्यावर ती बदलता येते.

९. वापर कसा करावा?

कुदळीचा किंवा फावड्याचा गोल दांडा सपाट जबड्यांत फिरतो. त्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची उभी-आडवी खाच कापून ठेवावी व दांडा त्या खाचेत धरावा. जबड्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टाकल्यास पकड आणखी चांगली होते.

लाकूड जबड्याच्या एका टोकाला धरावे लागल्यास दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा घालावा. तसे न केल्यास जबडा तिरका होतो, सळया वाकतात व स्क्रूचे आटे झिजतात. वाइस बिघडण्याचे हे प्रमुख कारण आहे.

फणाचे डोके तासताना ते बाकाच्या वर गरजेपुरतेच ठेवावे. जितके जास्त वर ठेवाल तितके ते थरथरते. पटाशीचे काम करताना मोकळा हात कधीही धारेसमोर ठेवू नये. वाकसाचा जोरदार घाव वाइसमध्ये धरलेल्या लाकडावर घालू नये. जाडजूड तासणी ओंडक्यावर उरकून घ्यावी. त्या वेळी लाकडाखाली पाय न देता त्याच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकाव्यात. मापाचे व सफाईचे काम वाइसमध्ये करावे. तरीही जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखान्यात दाखवावी व धनुर्वाताच्या लसीबाबत विचारावे. शेण-मातीत वावर असणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

१०. निगा

बाक नवीन असताना पहिला महिना दर आठवड्याला नट तपासावेत. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, आवळावेत. पावसाळ्यात लाकूड फुगते व नंतर आकसते, त्यामुळे दिवाळीनंतर नट हमखास ढिले झालेले आढळतात. स्क्रूवरील भुसा ब्रशने झाडून तेलाचा हलका हात द्यावा. जाड ग्रीस थापू नये, त्यात भुसा चिकटून आटे जाम होतात. काम संपल्यावर जबडे करकचून बंद न ठेवता थोडे मोकळे ठेवावेत.

मुठीला नळी घालून वाइस आवळू नये. वाइसच्या पाठीचा ऐरण म्हणून वापर करू नये व त्यात धरून लोखंडी पास किंवा सळई वाकवू नये. ओतीव बीड वाकत नाही, तुटते.

११. केव्हा तयारी करावी?

बाक व वाइस यांचे काम रब्बीची मळणी उरकल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीस हाती घ्यावे. लाकूड त्या वेळी कोरडे असते व हाताला सवड असते. अक्षय्य तृतीयेपर्यंत बाक उभा राहिला तर पुढचे दिवस अवजारे काढून, एक-एक तपासून, दुरुस्त करण्यास मिळतात. प्रत्येक तिफणीसाठी एक-दोन जादा फण व दोन जादा दांडे तासून आढ्याला टांगून ठेवावेत. एकट्याला खर्च जड वाटत असल्यास वस्तीवरील चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक बाक करावा.

कुशल सुताराची जागा हा बाक घेऊ शकत नाही. नवी तिफण घडविणे, दिंडाची भोके योग्य कोनात पाडणे ही कामे जाणकाराकडूनच करून घ्यावीत. शक्य असल्यास बाक करताना गावातील एखाद्या जुन्या कारागिराला शेजारी बसवून त्यांचा सल्ला घ्यावा. मात्र हललेला फण, तुटलेला दांडा यासाठी वाफशाची सकाळ वाया घालविण्याचे कारण उरणार नाही आणि लाकूड धरण्यासाठी पाय पुढे करण्याची वेळही येणार नाही.